झोपाळा हैदराबादला पोचला, भाडं दोनदा गेलं

घरून मोठे, जड नग विकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. साड्या, मसाले विकणाऱ्यांना हा ताप नाही; कुरिअरचा पोरगा येतो, पुडकं उचलतो, संपलं. आमचा सागवानी झोपाळा पाठ आणि पितळी कड्यांसकट सत्तर किलोचा. फळ्या मारून पॅक केला की पाच फूट बाय अडीच बाय दोन, म्हणजे पंचवीस घनफूट.

पार्सलवाले अशा नगाचं काट्यावरचं वजन धरतच नाहीत, तो गाडीत जागा किती अडवतो ते धरतात. सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी-उंची गुणून 5000 ने भागा, सत्तरचे 141 किलो होतात. 4000 ने भागणारेही आहेत, त्यांच्याकडे 176. ट्रान्सपोर्टवाले घनफुटाला सहा, आठ, दहा किलो असा आकडा लावतात. दहाने लावला तर अडीचशे किलो! त्यामुळे ‘किलोला बारा रुपये’ हा दर नुसता ऐकून काही कळत नाही. किलो कुठले, ते आधी विचारायचं.

कोल्हापूर ते हैदराबाद दारापर्यंत पोचवायला सगळीकडून चार हजारांच्या आसपास भाव येत होता. विक्रेत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका बुकिंग एजंटचा नंबर मिळाला. त्याने चोवीसशे सांगितले. “दादा, आपल्याकडं काट्याचं वजन. मापबिप काय नाही. हमाली, डोअर डिलिव्हरी सगळं त्यातच.” भाव इतकाही पडेल नव्हता की शंका यावी. पैसे आगाऊ, यूपीआयने, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर.

टेम्पो वेळेवर आला. पोराने चारी बाजूंनी फोटो काढले आणि ‘नग 1’ लिहिलेली कच्ची पावती हातात ठेवली. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची माल घेतल्याची पक्की पावती, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आली, पण फोटो कापलेला. वरचा नंबर तेवढा दिसत होता. तो नंबर एका नावाजलेल्या ट्रान्सपोर्टच्या साइटवर टाकला तर माल खरंच निघालेला! या माणसाची खरी हुशारी इथेच होती. ट्रॅकिंग अस्सल होतं, त्यामुळे कापलेल्या फोटोबद्दल कुणी विचारत बसत नाही.

मग गिऱ्हाईक ताईंचा फोन. मूळच्या सोलापूरच्या, आता हैदराबादला असतात. “दादा, भाडं भरलंय म्हणाला होतात ना? गोडाऊनवाले 3,150 मागतायत. वर, घरी येणार नाही, तुम्हीच गाडी आणा म्हणतात.”

एजंटला विचारलं तर म्हणे सिस्टीममध्ये चुकलंय, रिफंड टाकतो. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

शेवटी हैदराबादच्या गोडाऊनला गयावया करून पूर्ण बिल्टीचा फोटो मागवला. माल पाठवणारा: एजंट. माझं नाव कुठेच नाही. भाडं: टू-पे, म्हणजे माल घेणाऱ्याने भरायचं. डिलिव्हरी: गोडाऊन. वस्तू: जुने लाकडी सामान. किंमत: 5,000 रुपये. जोखीम: मालकाची. अडतीस हजारांचा नवा झोपाळा कागदावर पाच हजारांचं जुनं लाकूड झाला होता. ट्रान्सपोर्टची यात काडीची चूक नव्हती. त्यांच्या लेखी भाडं आलेलंच नव्हतं. एजंटने एवढंच केलं, की टेम्पो करून माल त्यांच्या काउंटरवर नेऊन टाकला आणि टेम्पोचं भाडं वजा जाता माझे पैसे खिशात घातले.

ताईंकडून जास्तीचा एक रुपयाही घेणं बरं दिसलं नसतं. 3,150 मी पाठवले, तिथल्या टेम्पोचे आणि हमालीचे वेगळे. झोपाळ्याचा एक हात तडकून आला होता, त्याची भरपाई मागायला गेलो तर बिल्टीवर मी कुणीच नाही. रस्त्याने माल नेणाऱ्यांची जबाबदारी ठरवणारा कॅरेज बाय रोड कायदा 2007 चा. जादा जोखमीचं भाडं भरलं नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच. म्हणजे मला फार तर पाच हजार, तेही बिल्टी माझ्या नावावर असती तर.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. एजंट मात्र नव्या नंबरवरून धंदा करतोय. त्याच्या स्टेटसवर ‘आमचं पॅकिंग बघा’ म्हणून जो फोटो आहे तो माझ्याच झोपाळ्याचा, मागे आमच्या अंगणातली तुळस दिसते. निर्लज्जपणाला सीमा नाही.

आता मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीकडच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनला स्वतः जाऊन बुक करतो. अर्धा दिवस मोडतो, मोडू दे. बिल्टीवर पाठवणारा म्हणून माझं नाव, ‘पेड’, ‘डोअर’ आणि खरी किंमत लिहिलेली पाहिल्याशिवाय माल खाली उतरवू देत नाही. बिल्टीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव लगेच दिसतं. माल 50,000 च्या वरचा असेल तर राज्याबाहेर पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन सरकारी कागद लागतो, त्यात ट्रान्सपोर्टरचा आयडी आणि गाडीचा नंबर भरावा लागतो. हे लोक नेमके त्याच्या खालचे नग शोधतात, असा माझा तरी संशय आहे.

आणि कुणाचं पार्सल आत्ता असं अडकलं असेल तर ट्रान्सपोर्टशी भांडत बसू नका. डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं गोडाऊनभाडं, रोज चढतं, आणि नोटिशीनंतर 30 दिवसांत माल उचलला नाही तर तो विकायची प्रक्रिया त्यांना सुरू करता येते. आधी माल सोडवा. उघडताना व्हिडिओ काढा आणि मोडतोड दिसली तर सही करण्याआधी डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहून घ्या. बिल्टी तुमच्या नावावर असेल तर नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला पोचली पाहिजे. त्यानंतर कोर्टात दावा उभा राहत नाही.