मोत्याच्या गळ्यातील पट्टा : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मृगाच्या आठवडाभर आधी आमच्या मोत्या कुत्र्याच्या गळ्यात डास-गोचिड्यांना रोखणाऱ्या डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा बांधला, त्याला आता सहा महिने पूर्ण झाले. पाकिटावर लिहिलेली मुदतही तेवढीच आहे.

पट्टा घेण्याचे कारण शिमग्यात कळले. मोत्याच्या बरगडीवर हरभऱ्याएवढी गाठ आली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. तांबड्या पेशींना ढकलत दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. त्या डिरोफिलेरिया जंताच्या होत्या. चावताना डास कुत्र्याच्या रक्तातून त्या उचलतो, साधारण दोन आठवड्यांत त्या डासाच्या शरीरात वाढतात आणि पुढच्या चाव्याबरोबर दुसऱ्या कुत्र्यात, क्वचित माणसात, उतरतात. माणसात हा जंत सहसा पूर्ण वाढत नाही. पण कातडीखाली गाठ होते, कधी तो डोळ्यातही येतो, आणि केरळात अशा रुग्णांच्या अनेक नोंदी आहेत. आमच्या पडवीत मोत्याशेजारीच मुले झोपतात, म्हणून मी हे फार मनावर घेतले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो : पट्टा अंगातले जंत मारत नाही. त्यासाठी मोत्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळे औषध दिले. पट्ट्यातले औषध कातडीच्या तेलकटपणातून हळूहळू अंगभर पसरते, त्यामुळे पहिला आठवडाभर काहीच फरक दिसला नाही. नंतर मात्र दिसला. पूर्वी दिवेलागणीला त्याच्या नाकाडावर रक्ताने फुगलेले डास बसलेले असत आणि तो सारखे कान झटकत तोंड पंजात खुपसून घेई. आषाढाच्या ऐन पावसातही यंदा तो पडवीत शांत झोपला. चतुर्थीपर्यंत अंगावर एकही गोचीड सापडली नाही. पाचव्या महिन्यात मात्र बोटांच्या बेचक्यांत आणि कानात पुन्हा गोचिड्या दिसू लागल्या. सततच्या भिजण्याने आमच्याकडे मुदत आधीच सरत असावी, असे माझे मत आहे.

दोन अडचणी गंभीर आहेत. हे औषध माशांना अत्यंत विषारी असल्याने मोत्या खाडीवर निघाला की मी पट्टा काढून ठेवतो. मांजरांनाही ते घातक आहे, आणि शेजारची मांजर त्याच्या कुशीत येऊन झोपायची. तिला दूर ठेवणे सर्वांत कठीण गेले.

पाकिटावर वालुमाशी या चावणाऱ्या बारीक माशीचेही चित्र आहे, त्यामुळे ती पसरवते त्या काळ्या आजाराची वाडीत चर्चा सुरू झाली. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये कुत्रा त्या रोगाच्या परजीवींचा मोठा साठा असतो; ट्युनिसमध्ये संशोधक निकोल यांना 1908 मध्येच कुत्र्यांत ते सापडले होते. भारतातला काळा आजार मात्र मुख्यतः बिहारकडचा, आणि वालुमाशी तो माणसाकडून माणसाकडे नेते. कोकणात त्या भीतीने कुत्र्यांवर राग काढायला काहीच आधार नाही. ब्राझीलमध्ये बाधित कुत्री वर्षानुवर्षे मारूनही रोग हटला नाही, आणि पुढे तिथे अशाच पट्ट्यांचा वापर सुरू झाला.

एकट्या मोत्याला पट्टा बांधून वाडीतले डास निर्धोक होत नाहीत, म्हणून पाणंदीवरच्या दोन बेवारशी कुत्र्यांनाही मी पट्टे बांधले आहेत आणि आगरातल्या पाणी साठणाऱ्या करवंट्या दर रविवारी पालथ्या घालतो. गेल्या आठवड्यात मोत्याचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा अळ्या दिसल्या नाहीत. याचे श्रेय पट्ट्याला नव्हे, औषधाला आहे. नवा संसर्ग टळला की नाही, ते वैशाखातल्या तपासणीत कळेल. नवा पट्टा मात्र कालच बांधला.