कन्सोल घेताना यंत्राची ताकद किती पाहावी? सीमाभागातल्या घरासाठी एक तुलना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने दिवाळीच्या आधी मला विचारले की मुलांसाठी गेमचा कन्सोल घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा. भाच्याने उत्तर आधीच शोधून ठेवले होते: एक्सबॉक्स सिरीज एक्स बारा टेराफ्लॉपचा आहे आणि प्लेस्टेशन ५ दहाचा, म्हणजे पहिला श्रेष्ठ. पंधरा वर्षांच्या मुलाने असा हिशेब मांडावा हे स्वाभाविक आहे, पण याच आकड्यावर विसंबून अनेक घरांत चुकीचे यंत्र येते. म्हणून तेव्हा तिच्यासाठी केलेली तुलना येथे विस्ताराने मांडतो.

एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. सिरीज एक्सची चित्रे रेखाटणारी चिप १२.१५, प्लेस्टेशन ५ ची १०.२८, स्वस्त असलेल्या एक्सबॉक्स सिरीज एसची साधारण ४ आणि २०१७ साली आलेल्या पहिल्या निन्टेन्डो स्विचची अर्ध्या टेराफ्लॉपपेक्षाही कमी क्षमतेची आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ घेणारा कारखानदार मोटारीची अश्वशक्ती विचारतो, पण त्याआधी आपल्याला कोणते काम काढायचे आहे, टूल कुठे मिळते आणि बिघाड झाल्यास माणूस कोण येतो, हे तो विचारतो. कन्सोलच्या बाबतीत हेच प्रश्न आपण विसरतो.

आजवरचा अनुभवही आकड्यांच्या बाजूने ठामपणे उभा राहत नाही. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालणारा, रंग नसलेला होता, तर त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत होता आणि त्याला सहा सेल लागत. बाजार गेम बॉयने जिंकला, कारण तो स्वस्त होता आणि सेल पुष्कळ वेळ टिकत. २००६ साली आलेला निन्टेन्डोचा वी हा कन्सोल प्लेस्टेशन ३ पेक्षा ताकदीने कितीतरी कमी होता, हाय डेफिनिशन चित्रही देत नव्हता, तरी तो दहा कोटींहून अधिक विकला गेला आणि प्लेस्टेशन ३ मागे राहिला. याच्या उलट २०१३ साली प्लेस्टेशन ४ हा एक्सबॉक्स वनपेक्षा ताकदवानही होता आणि खपातही पुढे गेला, मात्र तेव्हा तो शंभर डॉलरने स्वस्तही होता. ताकद निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, परंतु ती एकटी कधीच निर्णय करत नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

आता आपल्या घराकडे येऊ. पहिला प्रश्न टीव्हीचा. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत अजून बत्तीस इंची एचडी रेडी टीव्ही आहे, ज्याच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. फोर के पडद्यावर ते सुमारे ८३ लाख असतात. मोठ्या कन्सोलची बरीचशी जादा ताकद याच अधिक ठिपक्यांना रंगवण्यात खर्च होते, आणि ते दाखवणारा पडदाच घरी नसेल तर त्या ताकदीचे पैसे आपण दुकानात ठेवून आलो असे समजावे. सिरीज एक्स आणि सिरीज एस यांचे मुख्य प्रोसेसर जवळजवळ सारखेच आहेत, दोघांतही गेम साठवणारी वेगवान एसएसडी ड्राइव्ह आहे आणि खरा फरक चित्राच्या बारकाव्यात पडतो, त्यामुळे लहान टीव्हीवर ही दोन यंत्रे शेजारी ठेवली तर तो फरक शोधावा लागेल. पाच वर्षांत मोठा फोर के टीव्ही घ्यायचा पक्का विचार असेल, तर मात्र हा हिशेब बदलतो.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खानापूर तालुक्यात जुलैचा पाऊस कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. बहिणीकडे मी एकदा मुक्कामाला असताना एका रात्रीत चारदा वीज गेली. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालू असताना साधारण दोनशे वॅट ओढतो, सिरीज एस त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि डॉकवर, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडवर, बसवलेला स्विच वीस वॅटच्या आत. स्विचला स्वतःची बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो हातात घेऊन खेळ पुढे चालू ठेवता येतो. बाकीचे दोन्ही त्या क्षणी बंद पडतात, आणि गेम नेमका सेव्ह होत असताना असे झाले तर केलेली प्रगती हातची जाऊ शकते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे, कारण साध्या मोडवर वीज इन्व्हर्टरवर येईपर्यंत जो किंचित वेळ जातो तेवढ्यात दिवा फक्त लुकलुकतो, पण कन्सोल बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो.

तिसरा प्रश्न गेम घरी कसा येणार हा. सिरीज एसला डिस्क घालण्याची जागाच नाही, तेव्हा प्रत्येक गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि आजचे अनेक मोठे गेम शंभर जीबीच्या आसपास असतात. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत १०० एमबीपीएसची फायबर जोडणी असेल तर तेवढा गेम सव्वादोन तासांत उतरतो, पण खेड्यात २० एमबीपीएसवर त्यालाच अकरा तास लागतात. शिवाय डाउनलोड केलेला गेम मित्राला देता येत नाही आणि विकताही येत नाही. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कचे मॉडेल ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचे ३९,९९० रुपयांना होते, तर मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांपर्यंत जात. म्हणजे दहा हजारांची ती बचत चार-पाच जुन्या डिस्क घेण्या-देण्यातच भरून निघते. डिस्क असली तरी गेम ड्राइव्हवर बसवावा लागतो आणि अपडेटही येतातच, पण बराचसा भार हलका होतो. शिवाय प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सर्व गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात, त्यामुळे चुलत भावंडांकडे पडलेल्या जुन्या डिस्कही कामी येतात.

स्विचबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात जे मिळतात ते बाहेरून आणलेले असतात, आणि त्यांची हमी दुकानदार देईल तेवढीच. तरीही घरात दहा वर्षांच्या आतली मुले असतील आणि गणपतीला सगळी भावंडे एका खोलीत जमत असतील, तर दोन तुकडे करून दोघांना खेळता येणारे स्विचचे कंट्रोलर जो आनंद देतात तो टेराफ्लॉपमध्ये मोजता येत नाही.

आता भाच्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. ताकद कमी पडल्यामुळे गेम अडल्याची उदाहरणे आहेत. बाल्डर्स गेट ३ हा गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, पण एक्सबॉक्सवर तो डिसेंबरपर्यंत रखडला, कारण एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय सिरीज एसला पेलत नव्हती, आणि शेवटी त्या यंत्रावर ती सोय वगळूनच तो प्रसिद्ध झाला. पण दुसरे उदाहरणही तितकेच खरे आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा २०१३ साली अवघी ५१२ एमबी मेमरी असलेल्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर चालला, आणि ४ जीबी मेमरीच्या पहिल्या स्विचवर मात्र कधी आलाच नाही. तेव्हा कोणता गेम कोणत्या यंत्रावर येईल हे बऱ्याचदा प्रकाशकाचा व्यवहार ठरवतो. म्हणून मुलाला हव्या असलेल्या पाच गेमची नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक नावापुढे तो कोणत्या कन्सोलवर मिळतो हे तपासावे. अर्ध्या तासाचे हे काम दुकानातल्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

भाच्याच्या कागदावर फुटबॉल, क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यती होत्या, आणि त्याच्या वर्गातल्या तिघांकडे प्लेस्टेशन होते. बहिणीने डिस्कचा प्लेस्टेशन ५ घेतला, तो दहा टेराफ्लॉपसाठी नव्हे, तर त्या डिस्कच्या फटीसाठी आणि त्या तीन मित्रांसाठी. वर उरलेल्या पैशांतून दुसरा कंट्रोलर आला, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर गेला, आणि टीव्ही तोच बत्तीस इंची राहिला आहे.