ओळखीची साइट की फॉर्म भरून कंपनी? बडोद्यातल्या नव्या सिव्हिल इंजिनिअरसाठी

शेवटचं सेमिस्टर संपत आलं की दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या घरांत एकच विषय निघतो. एका बाजूला काकांच्या ओळखीचा कोणी बिल्डर किंवा ठेकेदार असतो, "सोमवारपासून पाठवून द्या मुलाला" म्हणणारा. दुसऱ्या बाजूला मोठ्या बांधकाम कंपन्यांचे ट्रेनी इंजिनिअरचे फॉर्म असतात. ते भरायचे आणि वाट बघत बसायचं. मी 2019 साली बीई सिव्हिल झालो आणि पहिली वाट धरली, अडीच वर्षांनी दुसरी. दोन्हीकडच्या मुलाखती दिल्या आहेत, आणि आता अधूनमधून टेबलाच्या पलीकडे बसून नव्या मुलांना प्रश्नही विचारतो. गेट ही इंजिनिअरांची राष्ट्रीय परीक्षा देऊन सरकारी कंपनीत जायचं असेल तर तो हिशेब निराळा आहे. त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेवढा धीर घरात हवा. इथे त्यात शिरत नाही.

ओळखीच्या मुलाखतीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ती मला आजही आवडते. गोत्रीला साइट होती, चौथ्या स्लॅबचं लोखंड बांधणं चालू होतं. शेठ खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. माझी फाइल त्यांनी उघडलीच नाही. पायाशी पडलेला सळईचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आ केटला एमएमनो?" म्हणजे हा किती एमएमचा? मी अंगठा फिरवून बारा म्हणालो. "आखा नगाचं वजन?" व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 0.89 किलो, 12 मीटरच्या नगाला साधारण 10.7. मग ते मला वर घेऊन गेले आणि एका बीमपाशी उभं करून म्हणाले, यात काय चुकलंय ते सांग. मी दोनदा बघितलं. बीम जिथे कॉलमला मिळते तिथे सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ हव्यात, भूकंपासाठी. मिस्त्रीने त्या मधल्या भागाइतक्याच लांब लांब बांधल्या होत्या. मी बोट ठेवलं. "कालथी आवी जजो," शेठ म्हणाले, म्हणजे उद्यापासून ये. सगळं मिळून वीस मिनिटं.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते मुळात हाताने काम येणारी माणसं घडावीत म्हणून, त्या शहरात अशी मुलाखत शोभते. मुलाला काम येतं की नाही हे त्या तुकड्याने जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याही ऑनलाइन चाचणीने सांगितलं नसतं, असं माझं मत आहे.

कंपनीच्या वाटेवर सुरुवातीलाच दम लागतो. दहावी, बारावी, प्रत्येक सेमिस्टरचे मार्क वेगवेगळे भरायचे, सगळीकडे साठ टक्के आहेत का, बॅकलॉग होता का, मध्ये वर्ष का गेलं. मग ॲप्टिट्यूडची परीक्षा, ज्यात नळ, टाक्या आणि आगगाड्या असतात आणि काँक्रीट कुठेच नसतं. त्यातून निघालात तर तांत्रिक मुलाखत, मग एचआर. एकेका टप्प्यात आठवडे जातात आणि नकार आलाच तर कारण कळत नाही. माझे वर्गमित्र या शांततेने खचले होते, ते मी जवळून पाहिलंय. घरात आई रोज "काही आलं का रे?" विचारते तेव्हा ओळखीची साइट किती मोठी वाटते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

शिकण्याच्या बाबतीत मला तरी गोत्रीच्या साइटने फार दिलं. पहिल्या सहा महिन्यांत मी लेआउट दिला, सळईचं बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची आणि कशी वाकवायची याचा तक्ता, काढलं, ठेकेदारांची बिलं मोजली, पहाटे दोन वाजता स्लॅब भरताना ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रायव्हरशी पाण्यावरून भांडलो. मोठ्या कंपनीत गेलेला माझा मित्र तेव्हा एकाच पुलाच्या एकाच पायलिंग रिगपाशी, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या यंत्रापाशी, उभा होता. शिवाय मी राहायचो घरी, जेवायचो आईच्या हातचं. हे सगळं ओळखीच्या पारड्यात टाका, मी हरकत घेणार नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं फिरलं ती सांगतो. ती गोष्ट म्हणजे नेमणुकीचं पत्र.

पहिल्याच आठवड्यात मी हिशेबनिसांना विचारलं होतं. "थई जशे," होऊन जाईल, ते म्हणाले. महिनाभराने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पहिले काही पगार पाकिटात रोख मिळाले, त्यावर माझं नाव पेन्सिलीने. मी घरी विषय काढला. काका म्हणाले, "अरे, त्यांनी माझ्या शब्दावर तुला घेतलंय. आता कागद मागणं बरं दिसतं का?" या वाक्यापुढे मी गप्प झालो. अनोळखी माणसाकडे मी हक्काने पत्र मागितलं असतं. इथे मागणं म्हणजे काकांच्या शब्दावर संशय घेणं झालं असतं. शेठ वाईट नव्हते, काका तर मुळीच नव्हते. पण ओळखीने मिळालेल्या नोकरीत तुमचं तोंड दुसऱ्याच्या भिडेने बांधलेलं असतं, आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही.

मला ते कळलं 2021 च्या शेवटी. मध्ये लॉकडाऊन होऊन गेला होता, मजूर गावी जाऊन परतले होते, साइट रडतखडत चालली होती. मी कंपन्यांचे फॉर्म भरायला बसलो. ट्रेनीच्या जागांना त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी पास झालेली मुलं हवी होती, म्हणजे 2019 वाला बाद. मग "अनुभवी" हा पर्याय निवडला. खाली तीन खिडक्या उघडल्या: नेमणुकीचं पत्र, शेवटच्या तीन पगारांच्या पावत्या, कामावरून मुक्त केल्याचं पत्र. तिन्हींपुढे लाल चांदणी, म्हणजे ते जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. रात्री अकरा वाजता मी त्या तीन चांदण्यांकडे बघत बसलो होतो. दोन वर्षांहून जास्त काळ स्लॅब भरले होते, आणि त्या फॉर्मच्या लेखी मी ना नवा होतो ना जुना.

शेठकडे गेलो. त्यांनी मान डोलावली, करून देतो म्हणाले. पत्र काही आलं नाही. बँकेत जमा झालेले नंतरचे पगार तेवढे दाखवण्यासारखे होते, तेही त्यांच्या नावावरून नव्हे, कुठल्या तरी दुसऱ्याच खात्यावरून. पीएफचा तर प्रश्नच नव्हता. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो, पण रजिस्टरवर माणसंच कमी दाखवली की विषय संपतो. पीएफ असता तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या, नोंदीत माझी नोकरी तारखेसकट आपोआप लिहिली गेली असती. आज कंपन्या आधी तेच बघतात.

मला वाचवलं एका वहीने. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या दिवसापासून मी त्यात प्रत्येक स्लॅबची नोंद ठेवत होतो: तारीख, किती घनमीटर, कुठल्या ट्रकचा स्लंप (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) किती, क्यूबचे (ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) 7 आणि 28 दिवसांचे आकडे, पाऊस आला असेल तर तोही. 2022 च्या फेब्रुवारीत एका मध्यम आकाराच्या कंपनीने बोलावलं. मुलाखत कंटेनरमधल्या साइट ऑफिसात, समोर दोघं. पहिला प्रश्न, 40 घनमीटरच्या स्लॅबला किती नमुने? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे चार, आणि एका नमुन्याचे तीन क्यूब धरून 12, पण ते 28 दिवसांचे, 7 दिवसांचे हवे असतील तर वेगळे भरावे लागतील. दुसरा, 100 चा स्लंप मागवलाय आणि ट्रक 170 घेऊन आलाय, काय कराल? परत पाठवीन, म्हणालो, आणि पाठवलेला आहे. "कधी?" तिथे मी वही उघडली.

दोघांतल्या मोठ्या साहेबांनी पाच-सहा मिनिटं नुसती पानं उलटली. मग विचारलं, बडोद्याचे आहात, आणंदकडे जाता-येता बुलेट ट्रेनचं काम पाहिलं असेल. पुलाचा 40 मीटरचा गर्डर (तुळई), 970 टनांचा, अखंड ओतून उचलून ठेवतात, तुकडे जोडून का नाही करत? मी म्हणालो, 508 किलोमीटरच्या मार्गावर दोन खांबांमधला तोच तोच गाळा पुन्हा पुन्हा येतो. एकदा यार्ड आणि गर्डर उचलून बसवणारा लाँचर उभे केले की अखंड गर्डर बसवायला तुकड्यांपेक्षा फार कमी वेळ लागतो, आणि ओतण्याचं काम यार्डात, नजरेखाली होतं. ते "हं" एवढंच म्हणाले. निवड झाली. अनुभव मात्र त्यांनी एकच वर्षाचा धरला, कारण कागदाशिवाय त्याहून जास्त धरायला त्यांच्या नियमात जागा नव्हती. माझ्याबरोबर पास झालेला तो पायलिंग रिगवाला मित्र तेव्हा माझ्या एक पायरी वर होता. आजही आहे.

म्हणून मला विचाराल तर, घरची परिस्थिती थोडी जरी सांभाळून घेणारी असेल तर फॉर्मची वाट सोडू नका, कितीही कंटाळा आला तरी. विशेषतः पास झाल्यावरचं पहिलं वर्ष. ट्रेनीचं दार त्याच वर्षी उघडं असतं, नंतर ते तुमच्यासाठी बंद होतं आणि "अनुभवी"चं दार कागदाशिवाय उघडत नाही. ओळखीची साइट पुढच्या वर्षीही असेल. हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सांगतोय. कोणाला चांगला शेठ भेटला असेल, पहिल्या दिवशी पत्र हातात मिळालं असेल, तर त्याचं मत वेगळं असणारच.

कंपनीच्या वाटेचे काटे मी लपवत नाही. पोस्टिंग झारखंडात किंवा राजस्थानात कुठेही होईल, वडील आजारी असतील तर ते परवडत नाही, अशा घरातल्या मुलाला मी साइटच धर म्हणेन. काही ठिकाणी दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात, तो सही करण्याआधी घरात कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा. आणि लहान असो की मोठा, कोणी मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

दोन्हींच्या मधली एक वाट आमच्याकडे फार कमी मुलं धरतात. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळते. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असतं, पण करार नोंदवलेला असतो आणि शेवटी प्रमाणपत्र हातात पडतं. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी नक्की विचार केला असता.

मुलाखतीला बसताना माझ्या समोर जी मुलं येतात त्यांच्यात मला एक फरक दिसतो. कंपनीच्या तयारीची मुलं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किती, सेटिंग टाइम (सिमेंट घट्ट व्हायचा वेळ) किती हे धडाधड सांगतात आणि "मग साइटवर कव्हर ब्लॉक, तो थर राखणारे ठोकळे, कमी पडले तर?" म्हटलं की थबकतात. साइटवरची मुलं याचं उत्तर देतात आणि रिझ्युमेत काय लिहायचं ते त्यांना कळत नाही. "सुपरव्हिजन केलं" एवढंच लिहितात. किती चौरस मीटर सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), किती टन लोखंड, किती स्लॅब, हे लिहा. मला पान उलटावंसं वाटतं ते अशा आकड्यांमुळे.

माझी मावसबहीण यंदा पास झाली. कंपन्यांचे फॉर्म तिने भरलेत, दोन ठिकाणच्या परीक्षाही दिल्या, उत्तर यायचंय. तोवर मांजलपूरच्या एका बिल्डरकडे तिला बोलावलं, अर्थात ओळखीनेच, आणि या वेळी शब्द माझ्या मावशीने टाकला होता. मी मावशीला एवढंच म्हटलं की पत्राचं तुम्हीच आधी बोला, मुलीला मागायला लावू नका. मावशीने फोनवर सांगितलं, "कामाला शुक्रवारी येईल, पत्र गुरुवारी पाठवा." गुरुवारी संध्याकाळी लेटरहेडवर पत्र आलं, पद, पगार, रुजू होण्याची तारीख सगळं होतं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं. तिने फोटो काढून त्यांना परत पाठवला आणि दुरुस्त पत्र हातात आल्यावर, शनिवारी, ती साइटवर गेली.