कोऱ्या फॉर्मवरची ‘सौ.’

हे लिहायचं की नाही यावर आमच्या घरात दोन महिने घोळ चालला होता. ताईचं म्हणणं होतं, झाली तेवढी शोभा पुरे. मग मागच्या महिन्यात कळलं की रेल्वेच्या भरपाईत ताईला फसवणारा तोच माणूस इथे इंदूरलाच, लोकमान्य नगरात, आणखी एका घरी जाऊन बसतोय, आणि तीच मला म्हणाली, “लिही तू. नाव घालू नकोस कुणाचं, पण बाकी सगळं लिही.”

आमचे भाऊजी वीस वर्षं इंदूर-उज्जैन अप-डाउन करत होते. उज्जैनला एका कारखान्यात हिशेबाचं काम. सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. देवास सोडल्यावर जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, भाऊजी दाराशी उभे होते, आणि बरलई यायच्या आत धक्का बसून खाली पडले. बरोबरच्या अप-डाउनवाल्यांनी साखळी ओढली. रेल्वे पोलीस आले, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं. पाकीट कुठे गेलं ते कळलंच नाही, आणि मासिक पास पाकिटातच होता. पंचनाम्यात ओळ आली, ‘मृताजवळ तिकीट वा पास मिळून आला नाही.’ पुढचा सगळा धंदा त्या माणसाने या एका ओळीवर केला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तो रामबागेतल्या घरी आला. पन्नाशीचा, नीटस, हातात प्लास्टिकची फाइल. आधी भाऊजींच्या फोटोला नमस्कार केला. मग बाबांना विचारलं, मूळ कुठले आपण. बाबांनी सांगितल्यावर म्हणाला, “आमचेही पूर्वज होळकरांबरोबरच इकडे आले. आपल्या माणसांसाठी करतो मी हे, वहिनी.” शुद्ध मराठीत. या शहरात दिवसभर हिंदी बोलून घरी आल्यावर कुणी असं बोललं की आपण ढिले पडतो. मी पडलो. मीच त्याला चहा दिला, मीच ताईला बोलावून समोर बसवलं. त्याला आमचा पत्ता कुणी दिला, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

त्याचं बोलणं थोडक्यात असं होतं. पास सापडलेला नाही, म्हणून केस कमजोर आहे. रेल्वे म्हणेल, विनातिकीट होता, दारात लटकत होता, चूक त्याचीच. पण भोपाळला आमचे वकील आहेत, वरच्या लोकांशी ओळख आहे, ४ लाख मंजूर करून आणतो. त्यातले ३० टक्के आमचे. वर फाइलचा खर्च ११ हजार आणि कोर्ट फी १४ हजार, ते आत्ता. ४ लाख हा आकडा आम्हाला खरा वाटला, कारण त्याने इंदूर-पटना एक्सप्रेसचं नाव घेतलं. २० नोव्हेंबर २०१६ ला ती गाडी कानपूरजवळ पुखरायांला रुळांवरून घसरली आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. इंदूरहून निघालेली गाडी, इथे ते कुणीही विसरलेलं नाही. “त्या लोकांना चार-चारच मिळाले, वहिनी. तुम्हाला त्याहून जास्त कोण देणार?”

आता एकेक सांगतो, कारण हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं.

चार लाख हा दर त्या अपघाताच्या वेळी खरोखरच होता. पण १ जानेवारी २०१७ पासून रेल्वे प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई ८ लाख झाली. जखमींसाठी इजेप्रमाणे ६४ हजारांपासून ८ लाखांपर्यंतचा तक्ता आहे. रक्कम नियमातच लिहिलेली आहे, ती कुणाच्या ओळखीने वाढत नाही की घटत नाही. त्याने आम्हाला जुना दर नव्या मेहेरबानीसारखा विकला.

चूक कुणाची, हा प्रश्न तर मुळात येतच नाही. गाडी घसरणं, टक्कर होणं हे रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४ मध्ये येतं. चालत्या प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं याला कायद्यात ‘अनुचित घटना’ म्हणतात आणि त्याची भरपाई कलम १२४ अ प्रमाणे मिळते, रेल्वेचा दोष सिद्ध झाला नाही तरीही. अपवाद ठरलेले आहेत: आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, नैसर्गिक कारण वा आजार. दारात उभा होता, हे काही त्या यादीत नाही. मात्र पायी रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस प्रवासी नसतो, त्याला हे कलम लागू होत नाही. तेही स्पष्ट सांगतो, कारण अशा घरांनाही खोटी आशा दाखवून हजारो रुपये उकळले जातात.

आणि तो पास. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ ला रीना देवी यांच्या प्रकरणात निकाल दिला की केवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून माणूस प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडावी, मग ती खोडून काढणं रेल्वेचं काम. आमच्याकडे तर भाऊजींच्या पासची झेरॉक्स कपाटात होती आणि डब्यातले दोन साक्षीदार बोलायला तयार होते. केस कमजोर नव्हतीच. आम्हाला घाबरवणं एवढाच त्या वाक्याचा उपयोग होता.

कोर्ट फीचं तर ऐकून ताई रडली. रेल्वे दावा न्यायाधिकरणात मृत्यू किंवा दुखापतीच्या दाव्याला फी लागतच नाही. १४ हजार शुद्ध खिशात गेले. टक्केवारीचंही तसंच. निकालाच्या रकमेत वकिलाने हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार चालत नाही.

त्या दिवशी त्याने ताईच्या सह्या घेतल्या. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्राचे कोरे कागद, बँकेत नवीन खातं उघडायचा फॉर्म, आणि खात्यातून पैसे वळते करायचे दोन फॉर्म. सगळे कोरे. माझं लक्ष ताईच्या हाताकडे होतं. तिने पहिल्या कागदावर सवयीप्रमाणे ‘सौ.’ लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. कुणी काही बोललं नाही. तो अगदी हळू म्हणाला, “राहू द्या वहिनी, चालेल. सगळीकडे तशीच करा.” त्या सात-आठ कागदांवर ताईने तशीच सही केली. तो खूप समजूतदार वाटला मला. जाताना त्याने मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पंचनाम्याची प्रत, ताईचं आधार आणि पासची ती झेरॉक्स, सगळं फाइलमध्ये घालून नेलं. एकाचीही प्रत आम्ही ठेवली नाही.

दावा त्याने टाकला, हे खरं. अपघातापासून एका वर्षाच्या आत टाकावा लागतो, ती मुदत त्याने पाळली, कारण पैसे त्यालाही हवे होते. (मुदत उलटली तरी सबळ कारण दाखवून न्यायाधिकरणाकडे उशीर माफ करून मागता येतो.) एकदा ताईला साक्षीला भोपाळला नेलं. मला बाहेर चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं. साक्ष दहा मिनिटांत आटोपली. बाहेर येऊन तो म्हणाला, आता फाइल दिल्लीला रेल्वे बोर्डात जाईल, तिथून मंजुरी येईल. असं काही नसतं. आदेश न्यायाधिकरणच देतं. तो पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, एवढंच. पण ‘दिल्लीला फाइल आहे’ म्हटल्यावर आम्ही दीड वर्षभर फोन करत राहिलो, आणि मध्ये दोनदा ‘खर्चाला’ पैसेही दिले.

२०२५ च्या सुरुवातीला त्याचा फोन आला, ४ लाख मंजूर. आपले ३० टक्के कापून २ लाख ८० हजार ताईच्या जुन्या खात्यात आले. ताईने त्याला पेढे दिले. मुलीच्या कॉलेजची फी भरली, उरलेले ठेवीत टाकले. आमच्या दृष्टीने विषय संपला होता.

जुलैत पोस्टाने एक लिफाफा आला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बँकशाखेतून, केवायसी नवीन करा म्हणून. ताई म्हणाली, “माझं तिकडे कुठे खातं आहे?” दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खात्याला मोबाइल नंबर त्याचा जोडलेला, म्हणून एकही मेसेज ताईला आला नव्हता. पासबुक छापून घेतलं. जमा: ८ लाख ४६ हजार. तीन दिवसांनी २ लाख ८० हजार ताईच्या जुन्या खात्यात. त्याच दिवशी ५ लाख ६५ हजार एका तिसऱ्याच खात्यात.

शाखेतल्या बाईंनी पैसे वळते केल्याचे दोन्ही फॉर्म काढून दाखवले. तारीख २०२५ ची, अक्षर दुसऱ्याचं, आणि खाली ताईची सही, ‘सौ.’ सकट. मागची अडीच वर्षं ताई प्रत्येक कागदावर ‘श्रीमती’ लिहिते. पीएफच्या फॉर्मवर, मुलीच्या प्रवेशाच्या अर्जावर, सगळीकडे. ‘सौ.’ तिने शेवटचं लिहिलं ते तेराव्याच्या आदल्या दिवशी. काउंटरवरच्या काचेवर बोट टेकवून ताई त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणून म्हणाला होता, चालेल.”

मग भोपाळला जाऊन आदेशाची नक्कल काढली. अर्ज ताईने स्वतःच्या सहीने केला, वकील लागला नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ८ लाख आणि वर व्याज. हा कागद आम्ही आधीच मागितला असता तर पेढे वाटायची वेळ आली नसती. तुमच्या घरात अशी भरपाई आली असेल, जुनी असली तरी, तर आदेशाची नक्कल मागवा आणि जमा झालेल्या रकमेशी ताडून बघा. आणि आधार कुठे कुठे दिलं आहे ते आठवून, आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं खातं तर नाही ना, याचा शोध घ्या. ही पद्धत काही आमच्याच गावाची नाही. पाटण्याच्या रेल्वे दाव्यांमध्ये दावेदारांच्या नावाने खाती उघडून वकिलांनी पैसे लांबवल्याच्या प्रकरणाचा तपास सीबीआयने आणि ईडीनेही केला आहे. ते वाचलं तेव्हा मला आमच्याच घरचं वाचतोय असं वाटलं.

आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, वकीलपत्रावर ज्यांचं नाव आहे त्या वकिलांविरुद्ध जबलपूरला राज्य बार कौन्सिलकडे अर्ज केला आहे, आणि न्यायाधिकरणाच्या रजिस्ट्रारना पत्र दिलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत. ताईला त्या पैशांपेक्षा त्या सहीचा जास्त राग आहे.

लोकमान्य नगरातल्या त्या घरी आम्ही दोघं गेलो. तरुण बाई, दोन लहान मुलं, नवरा मांगलियाजवळ गाडीतून पडून गेलेला. कागद अजून सही न होता टेबलावर होते, वर पेपरवेट. ताईने ते फॉर्म उलटून पाहिले आणि पैसे वळते करायचा फॉर्म बरोबर शोधून बाजूला काढला. मी त्या बाईंना सांगितलं की स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधि सेवा कायद्यात आहे, आणि विधि सेवेचा १५१०० हा नंबर लावून दिला. दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयातल्या विधि सेवा प्राधिकरणात त्यांच्याबरोबर ताईच गेली. मूळ कागद घरी ठेवून फक्त झेरॉक्स नेल्या. अपघाताच्या चौकशीचा डीआरएम (मंडळ रेल्वे व्यवस्थापक) रिपोर्ट रेल्वेच्या रतलाम मंडळाकडून मागवायचा अर्जही लिहून झाला. नवीन खातं उघडायचं नाही, त्यांच्या नावावर आधीपासून असलेल्या खात्याचंच पासबुक जोडायचं ठरलं. मुदतीला अजून अडीच महिने आहेत. दाव्याचा अर्ज गेल्या गुरुवारी भोपाळला गेला, बिनाफीचा.