सात महिने उड्या, मग नऊ महिने वजनं

वय ४३, वजन ६२ किलो, दिवसभर बैठं काम. जिममध्ये न जाता घरीच व्यायाम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी आधी सात महिने वेगवान, उड्यांचे व्हिडिओ लावून व्यायाम केला आणि त्यानंतरचे नऊ महिने सावकाश, जड वजनांचा. दोन्ही मनापासून केले आहेत, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतःच्या अंगावरचं आहे.

उड्यांचे दिवस आधी सांगते. आठवड्यातून सहा दिवस, रोज २५ ते ३० मिनिटं. बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी मारायची), जंपिंग जॅक, उडी मारून स्क्वॉट म्हणजे उठाबशी, जागच्या जागी गुडघे छातीपर्यंत उचलत धावणं. २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबायचं, पुन्हा जोरात. पहिले दोन महिने फार छान गेले. जिने चढताना लागणारा दम कमी झाला, झोप सुधारली, सकाळी अंगात तरतरी असायची. हे श्रेय त्या व्यायामाला द्यायलाच हवं. त्याआधी वर्षानुवर्षं मी काहीच करत नव्हते आणि त्या व्हिडिओंनी मला जागेवरून उठवलं.

तिसऱ्या महिन्यापासून मात्र काही पुढे सरकेना. घाम तेवढाच, धाप तेवढीच, पण जमिनीवरचा एक पूर्ण पुशअप काही येईना. यातलं कारण मला फार उशिरा कळलं. उड्यांमध्ये ओझं असतं ते आपल्याच शरीराचं, आणि ते रोज तेवढंच असतं. शरीर काही आठवड्यांत त्याला सरावतं. मग वाढवायला हातात उरतो फक्त वेग. वेग वाढवला की स्क्वॉट अर्धवट होतो, पाठ वाकते, टाच आपटते. व्हिडिओतली मुलगी म्हणते ‘अजून जोरात’, आणि आपण अजून वाईट पद्धतीने तेच करतो.

पाचव्या महिन्यात उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागली. जिना उतरताना जास्त. मी पट्टा बांधून व्यायाम चालू ठेवला. सातव्या महिन्यात सकाळी उठल्यावर टाच टेकवता येईना, तेव्हा थांबले. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. उडीवरून उतरताना तो त्याहूनही जास्त असू शकतो. मांड्या ताज्या असतील तर त्या हा भार झेलतात. विसाव्या मिनिटाला, थकलेल्या पायांनी, तीच उडी सांध्यांवर आणि टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर, जाऊन आदळते. स्नायू लवकर तयार होतात, टेंडनला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. माझा दम वाढला होता, पायांची दोरखंडं मात्र तेवढी पक्की झाली नव्हती.

फिजिओथेरपिस्टने तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताकदीसाठी काय करता?” मी तीस मिनिटांच्या उड्यांचं वर्णन केलं. त्या म्हणाल्या, “हा दमसासाचा व्यायाम झाला. मी ताकदीचं विचारतेय.” या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. घाम आला म्हणजे सगळंच झालं, असं मी धरून चालले होते.

त्या २०-१० सेकंदांच्या पद्धतीबद्दलही मी मग नीट वाचलं. ती जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासावरून आली. त्या अभ्यासात तरुण, सराव असलेले विद्यार्थी स्थिर सायकलवर बसून हे करत होते. सायकलवर, म्हणजे पाय आपटण्याचा प्रश्नच नाही. ते इतक्या जोरात पेडल मारत की सात-आठ फेऱ्यांत, साधारण चार मिनिटांत, पूर्ण गळून जात. तीच पद्धत २५ मिनिटं ओढून, उड्यांवर चढवून, आठवड्यातून सहा दिवस आपण करतो, तेव्हा त्या अभ्यासाशी तिचं नातं केवळ घड्याळापुरतं उरतं. हे वाचून मला त्या पद्धतीचा नाही, ती आपल्यापर्यंत जशी पोचते त्याचा राग आला.

आता जड वजनांचे नऊ महिने.

सामान सांगते: प्लेटा बदलता येणारे दोन डंबेल, प्रत्येकी २० किलोपर्यंत जाणारे, आणि एक भक्कम बाक. पाचव्या महिन्यात बार आणि प्लेटा घेतल्या. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी साधारण ४५ मिनिटं. पाचच हालचाली: स्क्वॉट, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं, वाकून वजन पोटाकडे ओढणं म्हणजे रो, डोक्यावर वजन ढकलणं आणि पुशअप. एका दिवशी यातल्या तीन किंवा चार. प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटमध्ये सहा ते आठ वेळा. ‘अजून जेमतेम दोन जमतील’ असं वाटलं की थांबायचं.

आणि सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती.

पहिल्या महिन्यात या विश्रांतीनेच मला सगळ्यात जास्त त्रास दिला. उभं राहून नुसतं थांबायचं, हे पटेना. आपण वेळ वाया घालवतोय, फसवतोय स्वतःला, असं वाटायचं. मी ती मिनिटं चोरायला लागले, ४० सेकंदांतच पुढचा सेट. मग तिसऱ्या सेटला वजन उचलेना. शेवटी घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटं थांबले, तर तेच वजन आठ वेळा उठलं. जड वजन उचलायला स्नायूंना जे तयार इंधन लागतं ते भरून यायला काही मिनिटं लागतात. विश्रांती कापली की आपण पुन्हा दमसासाचाच व्यायाम करत असतो, फक्त हातात डंबेल घेऊन.

‘सावकाश’ या शब्दाचाही माझा गोंधळ झाला होता. सुरुवातीला मी वर येतानाही मुद्दाम हळू यायचे. त्याची गरज नाही. खाली जाताना तीन सेकंद, ताबा ठेवून. तळाशी क्षणभर स्थिर. वर येताना मात्र पूर्ण जोर लावायचा. वजन जड असेल तर ते आपोआपच हळू वर येतं. हा फरक कळल्यावर माझा स्क्वॉट एकदम बदलला. खाली जाताना गुडघा कुठे चाललाय, टाच उचलली जातेय का, हे पाहायला वेळ मिळतो. वेगात तो मिळतच नाही.

मी एक वही ठेवली, आणि या नऊ महिन्यांतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. तारीख, वजन, किती वेळा. डेडलिफ्टची सुरुवात ८-८ किलोच्या दोन डंबेलनी, म्हणजे १६ किलो. आज बारवर ७० किलो, पाच वेळा. छातीशी डंबेल धरून स्क्वॉट ८ किलोवरून सुरू केला, आता बार खांद्यावर घेऊन ४७.५ किलो. डोक्यावर ढकलणं ५-५ किलोवरून १०-१० वर आलं; ते फार हळू सरकतं, दोन-दोन महिने एकाच आकड्यावर अडकले होते. पुशअपला आधी टेबलाच्या कडेवर हात ठेवून, मग बाकावर, आता जमिनीवर सलग आठ. उड्यांच्या सात महिन्यांतली एकही अशी नोंद माझ्याकडे नाही. कॅलरीचे आकडे होते घड्याळात, पण ते काहीच सांगत नव्हते.

थोडं थोडं वजन वाढवण्याची ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करी रुग्णालयात थॉमस डेलॉर्म या डॉक्टरने जखमी सैनिकांवर, त्यात गुडघे दुखावलेलेही अनेक होते, जड वजनांचा व्यायाम वापरला आणि १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. त्या काळी हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायला सांगायची रीत होती. गुडघा दुखतो म्हणून वजनाला घाबरणाऱ्या मला हे वाचून फार धीर आला.

गुडघ्याचं काय झालं? पहिल्या सहा आठवड्यांत फारसं काही नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक दिवस जिना उतरून खाली आले आणि दुखलं नाही हे खाली पोचल्यावर लक्षात आलं. टाचेला जास्त वेळ लागला, जवळजवळ पाच महिने. तिच्यासाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायचे, सावकाश, नंतर हातात वजन घेऊन. हा माझ्या गुडघ्याचा आणि टाचेचा अनुभव आहे. तुमचं दुखणं आधी तपासून घ्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या महिन्यातच मी हावरेपणा केला. पहिल्या काही आठवड्यांत आकडे भराभर वाढतात, कारण तेव्हा स्नायू वाढलेले नसतात, मेंदू आणि नसा असलेले स्नायू नीट वापरायला शिकत असतात. मला वाटलं हा वेग असाच राहील. एका आठवड्यात डेडलिफ्टला १० किलो वाढवले, चौथ्या वेळी पाठ गोल झाली आणि कंबर धरली. बारा दिवस फक्त चालणं. तेव्हापासून एका वेळी अडीच किलो, आणि तेही आधीचे तिन्ही सेट स्वच्छ झाले तरच. दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा हलका घेते.

वजनकाट्याने निराश केलं, हेही सांगायला हवं. चौथ्या महिन्यात वजन दीड किलोने वाढलं होतं आणि मी दोन दिवस खट्टू होते. कंबर मात्र टेपवर ४ सेंटीमीटर कमी होती. आता काटा पुन्हा ६२ वर आहे, कपडे वेगळे बसतात. केवळ वजन उतरवणं हाच हेतू असेल तर जड व्यायाम तेवढ्याने ते करत नाही, खाण्याकडे पाहावंच लागतं. उड्यांनीही माझं वजन पहिल्या दोन किलोंनंतर हललं नव्हतं.

आणि दम कमी झाला. हे मी लपवणार नाही. सहाव्या महिन्यात घाईत चार मजले चढले तर छाती भरून आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे सांगितलं आहे त्यात दोन्ही आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मी आधी एक अर्धा पाळला, मग दुसरा. आता वजनांच्या मधल्या तीन दिवशी ४० मिनिटं भरभर चालते, त्यात शक्य तिथे चढ घेते. दोन महिन्यांत दम परत आला.

माझी आई ७१ वर्षांची आहे. माझी वही पाहून तिने विचारलं, “मला काही जमेल का यातलं?” मला १९९० चा एक अभ्यास आठवला: वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींनी आठ आठवडे पायांचा जड व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तिच्या डॉक्टरांना विचारून आम्ही खुर्चीवरून हात न टेकवता उठण्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन वेळा. आता ती छातीशी ४ किलोचं डंबेल धरून दहा वेळा उठते. उड्यांचा व्हिडिओ लावून मी तिला कधीच बोलावू शकले नसते. माझ्या दृष्टीने हा या व्यायामाचा सगळ्यात मोठा गुण आहे: तीच हालचाल, तिच्या वजनाने आणि माझ्या वजनाने, एकाच खोलीत.

कोणी विचारतं, मग उड्या सोडूनच द्यायच्या? नाही. हाडांना धक्का हवा असतो, त्याने ती घट्ट होतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्यात देखरेखीखाली जड डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं, आणि त्याबरोबर वरून जमिनीवर उतरण्याचा धक्काही होता. आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, आठ महिने, आणि कण्याच्या हाडांची घनता सुधारली. धक्का मोजका होता आणि तज्ज्ञ समोर उभे होते.

आठव्या महिन्यात मी दोरीच्या उड्या पुन्हा सुरू केल्या. व्यायामाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, २० उड्यांचे तीन सेट, मध्ये पूर्ण विश्रांती. पहिल्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवूनच उभी होते, दुखेल म्हणून. दुखलं नाही. उतरताना आवाजही येत नव्हता. वहीत त्या दिवशीच्या नोंदीत ‘२०, २०, २०’ लिहिलंय आणि शेजारी ‘आवाज नाही’. पुढच्या महिन्यात २५ करणार आहे.