एल्कचं मांस: अख्खं टांगायचं, हाडासकट तोडायचं की जागेवरच हाडं काढायची?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली, त्यामुळे हे ज्ञान आपल्या घरांतून उतरत आलेलं नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले काही मराठी लोक मात्र आता परवाना काढून कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागे जातात. एल्क म्हणजे सांबराच्याच कुळातलं, पण अंगाने दांडगं हरीण. नर सहज ३०० किलोंच्या पुढे जातो. गोळी किंवा बाण लागेपर्यंतची तयारी सगळे करतात. त्यानंतरच्या चार तासांचा विचार फार थोडे जण करतात, आणि मांस नासतं ते तिथेच.

नासतं कसं, ते आधी. जनावर पडतं तेव्हा आतलं तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं. जिवाणू भराभर वाढतात ते ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात. केसाळ कातडं ही उष्णता गोधडीसारखी धरून ठेवतं. सगळ्यात उशिरा निवतो तो मागच्या मांडीचा खुब्याचा सांधा, कारण तिथे मांसाचा थर सर्वांत जाड. वरून लालभडक दिसणारी मांडी दुसऱ्या दिवशी कापावी, तर हाडालगत हिरवट-करडा रंग आणि आंबूस वास. तिथले शिकारी याला हाड आंबणं म्हणतात. म्हणून पुढच्या तिन्ही पद्धतींना माझा प्रश्न एकच: खुबा किती लवकर गार होतो?

अख्खं टांगणं. पोट साफ करायचं आणि धड झाडाला किंवा शेडमध्ये लटकवायचं. लहान हरणाला आणि गोठवणाऱ्या थंडीला हे ठीक. एल्कसाठी ही पद्धत मी बाद धरतो. गाडी जनावरापर्यंत पोचत असेल आणि तासाभरात शीतगृह गाठता येत असेल, तरच विचार करा.

हाडासकट चार तंगड्या. पोट न फोडता, पाठीकडून कातडं सोलत पुढचे दोन फरे, मागच्या दोन मांड्या आणि पाठीच्या दोन पट्ट्या काढायच्या. कण्याखालचं मऊ मांस शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघतं, ते विसरू नका. आतडं फुटून घाण होण्याची भीती जवळपास नाही. हाडाच्या आधारामुळे तुकडा टांगायला सोपा, वारा चहूबाजूंनी लागतो आणि वर कोरडी पापडी धरते. शिवाय मेल्यानंतरचा ताठरपणा उतरेपर्यंत स्नायू हाडाला ताणून राहतो, त्यामुळे मांस चिवट होत नाही. तोटा वजनाचा. नराची एकेक मांडी २५ किलोंच्या घरात जाते. अशा दोन पाठीवर घेऊन कोणी उतरत नाही, म्हणजे खेपा वाढल्या.

जागेवरच हाडं काढणं. उष्णतेचा साठाच मोडतो, म्हणून सप्टेंबरमधल्या धनुष्यबाणाच्या मोसमात, दुपारी ऊन चटका देत असताना, हीच पद्धत भरवशाची. ओझंही बरंच उतरतं. पण कापलेले पृष्ठभाग वाढतात, तितकी माती, केस आणि माश्या जास्त. पिशवीत तुकड्यांचा गोळा झाला की मधला भाग पुन्हा गरम राहतो. तेव्हा पिशव्या जास्त घ्या आणि प्रत्येकीत थोडंच भरा.

माझा कौल असा: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बंदुकीच्या मोसमात, रात्री पारा शून्याकडे जात असेल, तर हाडासकट. सप्टेंबरमध्ये, किंवा गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर हाडं काढा. दोन्हींच्या मधलाही एक मार्ग आहे आणि तो मला सर्वांत आवडतो. मांडी हाडावरच ठेवायची, पण आतल्या बाजूने हाडाच्या रेषेत खुब्यापर्यंत खोल चीर द्यायची. वाफ अक्षरशः बाहेर येताना दिसते.

पिशवी सुती किंवा हवा खेळणाऱ्या कापडाचीच. प्लास्टिकमध्ये उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात. मांस ओढ्यात धुण्याचा मोहही टाळा. घाण लागलेली जागा कापून टाका. कूलरमध्ये बर्फ वापरताना खालची तोटी उघडी ठेवा, मांस पाण्यात बसता कामा नये. कोरडा बर्फ (ड्राय आइस) घेतलात, तर गाडीच्या काचा थोड्या खाली हव्यात, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो.

निवड पूर्णपणे तुमच्या हातात नसते, हेही बघा. कोलोरॅडोत नर-मादी ओळखण्याची खूण मांसाच्या मोठ्या भागाला जोडलेलीच ठेवावी लागते, हाडं काढलीत तरी. अलास्काच्या काही विभागांत मूसचं (एल्कहूनही मोठ्या हरणाचं) मांस जंगलाबाहेर येईपर्यंत हाडावरच असावं लागतं. उलट, हरणांमधल्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगामुळे बरीच राज्यं बाहेरून कणा आणि मेंदू आणू देत नाहीत, पण हाडविरहित मांस चालतं. परतीच्या वाटेवर जितकी राज्यं लागतात, तितक्यांचे नियम निघण्याआधी वाचून घ्या.