दम्याच्या पंपाला जोडायचा स्पेसर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

‘स्मार्ट औषधे’ म्हटले की हल्ली बुद्धी तल्लख करणाऱ्या गोळ्या किंवा कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण आठवतात. पण औषध जिथे हवे नेमके तिथेच पोहोचवण्याची युक्ती दम्याच्या पंपाच्या रूपाने आपल्या घरांत कधीच येऊन बसली आहे. मोजका फवारा सोडणारा असा पहिला पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. त्यामागचा हिशेब आजही चकित करतो. आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे बसतात आणि २०० फवाऱ्यांचा अख्खा डबा संपवला तरी एकूण औषध पाच गोळ्यांइतकेच भरते. गोळीमुळे माझ्या आईचे हात थरथरत आणि छाती धडधडे, कारण औषध रक्तातून साऱ्या अंगभर फिरे. फवाऱ्याचे काम मात्र श्वासनलिकेतच होते.

निदान तसे व्हायला हवे. आई पाच वर्षे पंप वापरत होती आणि ‘याचा काही उपयोग नाही’ असे म्हणत होती. छातीच्या नव्या डॉक्टरांनी तिला पंप ओढून दाखवायला सांगितले, तेव्हा उलगडा झाला : ती फवारा आधी सोडत होती आणि श्वास नंतर घेत होती. औषध टाळ्यावर आणि जिभेवर बसत होते, म्हणूनच तिला ते कडू लागत होते. फवारा सुटण्याची आणि श्वास आत घेण्याची वेळ जुळवणे हे वयस्कर माणसांना आणि मुलांना फार अवघड जाते, आणि नेमकी तीच अडचण स्पेसर दूर करतो.

ही वस्तू म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे एक पोकळ नळकांडे. एका टोकाला पंप बसतो, दुसरे टोक तोंडात धरायचे आणि त्या बाजूला एकाच दिशेने उघडणारी पातळ झडप असते. फवारा आधी नळकांड्यात सुटतो, त्याचा वेग ओसरतो, मोठे थेंब भिंतींना चिकटून राहतात आणि साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, फुप्फुसात खोलवर उतरू शकणारे कण सावकाश घेतलेल्या श्वासाबरोबर आत जातात. स्टेरॉइडच्या, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाच्या, पंपासाठी तर हा फायदा दुप्पट आहे, कारण घशात औषध कमी साचले की तोंडात बुरशी धरण्याचा धोकाही कमी होतो. तरीही फवाऱ्यानंतर चूळ भरणे सोडू नये.

कामगिरीबाबत मी पूर्ण गुण देईन. पंप नीट हलवायचा, एका वेळी एकच फवारा सोडायचा, सावकाश श्वास घेऊन शक्यतो दहा सेकंद रोखायचा, एवढेच आईला शिकवावे लागले. आठवड्याभरात कडवटपणाची तक्रार थांबली आणि रात्रीचे उठून बसणे महिन्यात जवळपास बंद झाले. अर्थात याच सुमारास डॉक्टरांनी तिला नुसत्या साल्बुटामॉलवर न ठेवता रोजचा स्टेरॉइडचा पंपही सुरू केला होता, त्यामुळे सारे श्रेय मी प्लास्टिकला देणार नाही.

गुण कापतो ते माहितीपत्रकासाठी. आम्ही घेतलेल्या स्पेसरच्या खोक्यात मुंगीच्या अक्षरांतले इंग्रजी पत्रक होते, मराठी एक ओळ नव्हती, आणि दुकानदाराने तर वस्तू कागदी पिशवीत टाकून मोकळे केले. परिणामी पहिल्याच धुण्यानंतर मी ते नळकांडे फडक्याने लख्ख पुसून ठेवले. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषधाचे कण फुप्फुसाऐवजी भिंतीकडे ओढले जातात, हे मला नंतर कळले. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पुसता, आपोआप वाळू द्यावे, एवढे एक वाक्य मराठीत छापायला कितीसा खर्च आला असता?

साल्बुटामॉलच्या पंपापेक्षा स्पेसर महाग पडतो, पण तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. झडप कडक झाली किंवा प्लास्टिकला तडा गेला की मात्र बदलावा. दप्तरात किंवा पर्समध्ये तो सहज मावत नाही, आणि चारचौघांत तोंडाला लावायला आईला अजूनही संकोच वाटतो. आमच्या पंपावर उरलेले फवारे दाखवणारा आकडा नसल्याने ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक फवाऱ्याची रेघ मारते. कोरड्या पावडरीचे इन्हेलर वापरणाऱ्यांनी हा घेऊ नये. ती पावडर रुग्णाने जोरात ओढलेल्या श्वासानेच सुटते, तिथे या नळकांड्याचा काहीच उपयोग नाही.